चौदा नंबरची खाट केव्हा सुटेल

बसा. दिवा हवा तर जवळ ओढून घ्या. माझी गोष्ट मात्र भर दुपारची आहे.

घानातल्या कुमासीत त्या दिवसांत वाळवंटाकडून हर्मटनचा वारा सुटला होता. शहरावर धूळ अशी बसली होती की बारा वाजताही सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. इस्पितळात सगळीकडे माती आणि फिनेलचा वास. सकाळी मी आईला बाजरीची पेज भरवली. ती बायकांच्या वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवर होती, न्यूमोनियातून उठलेली. डॉक्टर रविवारी घरी सोडणार होते. मग मी शेजारच्या खोलीत कामाला बसले. इस्पितळाची जुनी कॉम्प्युटरची व्यवस्था मी नव्या फ्रेमवर्कवर आणत होते.

वॉर्डाच्या सिस्टर दुफींना एकच रकाना हवा होता: कुठली खाट केव्हा सुटेल. त्यासाठी डेटाबेसच्या आतच एक जुनं फंक्शन होतं, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या न्केतिया साहेबांनी लिहिलेलं. खाटेचा नंबर द्यायचा, ते तारीख सांगायचं.

"पण सेरवा, एका वेळी एकच खाट विचारायची हं," दुफी म्हणाल्या. "तीही दारात पेशंट उभा असेल तरच. साहेबांची सक्त ताकीद होती."

"का, कॉम्प्युटर दमतो की काय?"

"अबा! तुम्ही शिकलेल्या पोरी. करा काय करायचं ते."

मी हसले. हे फंक्शन नुसतं वाचतं, काही बदलत नाही, असं फ्रेमवर्कला सांगून मोकळी झाले. आत काय लिहिलंय ते उघडून पाहायचा कंटाळा केला. बावीस खाटांच्या यादीत ते बसवलं. म्हणजे पान उघडलं की प्रत्येक खाटेसाठी एकदा ते बोलावलं जाणार. आणि माझ्याकडे कोड जतन केला की पान आपोआप नव्याने उघडायचं.

पहिल्यांदा चौदासमोर रविवार आला. डॉक्टर म्हणाले होते तसाच. मी खूश झाले. रकाना जरा रुंद केला, जतन केला.

शनिवार.

जुनं उत्तर कुठेतरी अडकलं असेल म्हणून मी रंग बदलला, जतन केला. शुक्रवार. सगळ्याच खाटा एकेक दिवस मागे सरकत होत्या. तीन नंबरसमोर तर आजचीच तारीख होती, बुधवार.

बाहेर व्हरांड्यात चाकांचा आवाज आला. कुरकुर… कुरकुर. ट्रॉली गेली, वरून पांढरी चादर, तोंडावरही.

"तीन नंबर," दारातून दुफी हळूच म्हणाल्या. "सकाळी हसत होती गं माझ्याशी."

तेव्हा कुठे मी फंक्शन उघडलं. चार ओळींचं होतं. तारीख काढून सांगायची, मग त्यातून एक दिवस वजा करायचा, उरलेली तारीख परत लिहून ठेवायची. वर न्केतियांची टीप होती: एकदा विचारण्याची किंमत एक दिवस. गरज नसेल तर विचारू नये.

मी वजाच्या जागी अधिक केलं आणि एकट्या चौदासाठी ते चालवून पाहिलं. गुरुवार. पुन्हा उघडलं, तर वजाचं चिन्ह जिथल्या तिथे.

आता रकानाच काढून टाकायचा, पुन्हा कुणी विचारायलाच नको. मी त्या ओळीवर गेले. एक अक्षर पुसलं असेल-नसेल, आणि माझ्या बोटांनी जतन केलं. बारा वर्षांची सवय हो! दोन शब्द लिहिले की जतन, विचार करताना जतन, शिंक आली तरी जतन. ते अक्षर रकान्याच्या नावातलं होतं. फंक्शनला त्याने काही फरक पडला नाही.

बुधवार.

मी वॉर्डात धावले. आई उठून बसली होती, केस विंचरत होती.

"काय गं, अशी काय धापा टाकतेस?"

"काही नाही… तू झोप."

"झोपून झोपून पाठ मोडली माझी. रविवारी जेवायला फुफू करशील ना? चांगला कुटून कर, मागच्यासारख्या गाठी नकोत."

मी डॉक्टरांना ओढत आणलं. त्यांनी छाती तपासली, नाडी पाहिली, म्हणाले, ठणठणीत आहे. मी तिचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते? पावणेतीनला तिने मध्येच बोलणं थांबवून दाराकडे पाहिलं, कुणाला तरी जागा द्यावी तशी जराशी बाजूला सरकली, आणि गेली. तिला मी मारलं. यावर कुणी माझी समजूत घालू नये.

फंक्शन मी त्याच संध्याकाळी काढून टाकलं, रकानाही. चौदा नंबरवर त्यानंतर कुणाला झोपवलेलं नाही. विचारलं तर खाटेचा पाय मोडलाय म्हणून सांगतात.

गेल्या आठवड्यात दुफींनी मला बोलावून घेतलं. "सकाळी मी स्वतः चादर ताणून घालते," त्या म्हणाल्या. "रोज पावणेतीनला… ये, तूच बघ."

उशीवर डोक्याएवढा खळगा पडला होता. मी हात लावला. गरम होता. आणि उशी घामाने भिजलेली होती.