हासेलचं पाणी

रेवा धायगुडेने म्हातारीच्या दाढेला पेन्सिलीएवढं यंत्र टेकवलं. त्याला ती ‘दातवाच्या’ म्हणायची.

“दुखेल का गं, पोरी?”

“नाही, निरवाआजी. फक्त आ करा.”

सेरू नदीच्या दोन काठांमधलं यादवी युद्ध थांबून वर्ष झालं होतं. निर्वासितांना घरी पोचवायला आलेल्या रेवाच्या तुकडीचं ते सगळं वर्ष अडथळ्यांतच गेलं. रस्त्यांत सुरुंग, नोंदणी कचेऱ्या जळालेल्या, गावांची नावंसुद्धा बदललेली. आणि मूळ गावाच्या पुराव्याशिवाय नवं सरकार कुणाला ट्रकमध्ये चढू देईना. अखेर दात हाच पुरावा ठरला. लहानपणी माणूस ज्या डोंगराचं पाणी पितो, तिथल्या खडकातलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य त्याच्या दातांच्या कवचात बसतं आणि जन्मभर तिथेच राहतं. दर डोंगरात त्याचा प्रकार वेगळा; दातवाच्या तो वाचायचा आणि नकाशावर गाव दाखवायचा.

ठिपका सरकत सरकत पश्चिम काठावर, हासेल दरीत थांबला. आजी तर पूर्वेची! रेवाने पुन्हा तपासलं. तेच उत्तर.

“आजी, तुमचं बालपण हासेलमध्ये गेलंय.”

“काहीतरीच! हासेलवाल्यांनी माझं घर जाळलं.” आजी हसली, आणि मग हळूच म्हणाली, “तिथे तांबूस पाण्याचा झरा आहे का गं? मला स्वप्नात दिसतो. आई म्हणायची, असलं काही नाही आपल्याकडे.”

रेवाने दरीचं उपग्रहचित्र उघडलं. कड्यावरून एक तांबूस रेघ खाली उतरत होती. साठ वर्षं, चार बाळंतपणं, एक युद्ध. आणि एवढ्याशा दाढेने तो झरा जपून ठेवला होता.

शेजारच्या टेबलावर परवाने तपासणारे अधिकारी दोरिन म्हणाले, “दात सांगतील तो काठ. नियम आहे, बाई.”

“साहेब, तिची मुलं पूर्वेला वाट बघताहेत. पश्चिमेला तिचं कोण उरलंय?”

“मग खोटी नोंद करू?”

रेवाने नकाशा पुन्हा उघडला. पूर्वेच्या निर्वासितांच्या या छावणीत तपासलेल्या सगळ्या माणसांचे ठिपके तिने एकदम पडद्यावर आणले. नदीचे दोन्ही काठ उजळले. दर पाचवा ठिपका पश्चिमेला होता.

“ही सगळी पूर्वेची माणसं?” दोरिनांचा आवाज खाली आला.

“सगळी. पश्चिमेच्या छावणीतही असंच उलट निघतंय.”

दोरिन उठून त्या उजेडाजवळ आले. मग आजीच्या परवान्यावर त्यांनी पूर्वेचा शिक्का मारला आणि हाताला धरून तिला ट्रकपर्यंत पोचवलं.

परत आल्यावर त्यांनी तंबूचा पडदा ओढून घेतला आणि टोपी काढून स्टुलावर बसले. तीन वर्षं ते पूर्वेच्या फौजेत लढले होते.

“माझाही बघा.”

रेवाने दातवाच्या उचलला. “नक्की?”

त्यांनी आ केला आणि लगेच तोंड मिटलं.

“बाई, पलीकडचा निघालो, तर मी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते माझे कोण होते?”