पेडल ठणठणीत आहे

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर मी माझं पेडल ठेवलं आणि म्हटलं, "हे कालपासून चालत नाही."

त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हे शिलाई मशीनचं नाही."

"कॉम्प्युटरचं आहे. पण कॉम्प्युटरवाला हसला... म्हणून इथे आले."

तोही हसला, पण मला नव्हे. मला ते आवडलं. मग मी सगळंच सांगून टाकलं. अपघातानंतर माझ्या डाव्या हाताची बोटं वळत नाहीत. मी मुलाखती ऐकून एका हातानं टाइप करते. आवाज थांबवणं, मागे नेणं हे सगळं पायानं. शुक्रवारपर्यंत बावीस म्हाताऱ्या नर्सच्या मुलाखती टाइप करून द्यायच्या होत्या, त्यातल्या शेवटच्या तीन उरल्या होत्या. नाही जमलं, तर काम दुसरीकडे जाणार आणि दादाचं "एका हातानं जमायचं नाही, मी म्हणत होतोच" जन्मभर ऐकावं लागणार. ते मला ऐकायचं नव्हतं.

त्यानं तारा तपासल्या. "पेडल ठणठणीत आहे. काल कॉम्प्युटर अपडेट झाला का?"

झाला होता.

"मग पेडलचं ऐकणारा प्रोग्रॅम बिघडलाय. कुठला आहे?"

"'पाऊल'. बनवणाऱ्याला पाच वेळा लिहिलं, मेल्यानं उत्तर दिलं नाही."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. कान लाल झाले होते. "तो मेला मीच," तो म्हणाला.

सहा वर्षांपूर्वी त्यानं 'पाऊल' लिहिलं होतं. कोणी विचारलं नाही, म्हणून सगळं माळ्यावर टाकून तो मामाच्या दुकानात येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी मी लॅपटॉप काखोटीला मारून हजर. कॉम्प्युटरनं परवानगी दिलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत 'पाऊल'समोर बरोबरची खूण होती, पण अपडेटनंतर ती नुसती शोभेची उरली होती. त्यानं नाव काढून पुन्हा घातलं. मी पेडल दाबलं... आवाज सुरू झाला आणि लगेच बंद. एकदा दाबलेलं दोनदा मोजलं जात होतं. तो एक ओळ बदलायचा, मी दाबायचे, पुन्हा तेच. एवढ्यात दहा मशीनं झाली असती, असं मामा भिंतीला सांगत होते.

संध्याकाळी त्यानं हात टेकले. "जाऊ द्या. आता हे वापरतं कोण?"

"मी. सहा वर्षं, रोज आठ तास," मी म्हटलं. "तुमच्या कामावर पाय ठेवून उभी आहे मी. उठायचं नाही."

त्यानं खुर्ची पुढे ओढली.

दिवे लागता लागता लॅपटॉपमधून एक नर्सबाई बोलू लागल्या आणि थांबल्या नाहीत. मी दाबलं, थांबल्या. पुन्हा दाबलं, तिथूनच पुढे बोलू लागल्या. मला रडू आलं. तो उगाचच लॅपटॉप पुसत होता.

शुक्रवारी चार वाजता बावीस मुलाखती गेल्या. पुढे दोन महिने धडधाकट पेडल घेऊन मी दुकानात जातच राहिले. शेवटी एके दुपारी विचारलं, पुढचं अपडेट आलं की काय होणार?

"पुन्हा बिघडेल... दर वेळी बिघडेल."

"मग दर वेळी लॅपटॉप घेऊन यायला मला जमणार नाही. आपण लग्न करू. दादाशी मी बोलते."

मामांचं मशीन थांबलं.

"विचार करायला वेळ किती?" त्यानं विचारलं. कान पुन्हा लाल.

"पुढच्या अपडेटपर्यंत."

"मग आत्ताच हो म्हणतो," तो म्हणाला. "अपडेटचा काही भरवसा नाही."