कृत्तिकांच्या ओटीत

चिराग फक्त गाडीत झोपतो. पाळणा त्याला टोचतो, खांद्यावर घेतलं की मान ताठ करून रडतो. म्हणून दुपारची भांडी सिंकमध्ये तशीच टाकून मी त्याला मागच्या सीटवरच्या त्याच्या खुर्चीत बांधते आणि इथे आखातात, जनाबियातल्या व्हिलांच्या लांबच लांब भिंतींना वळसे घालत राहते. डोळे मिटले की कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या मागे, बोरीच्या झाडाखाली गाडी उभी करायची. इंजिन चालूच ठेवायचं. ते थांबलं की थोपटणं थांबतं आणि हा उठतो, असं मी धरून चालले होते. मग वही स्टिअरिंगला टेकवायची आणि तो उठेपर्यंत लिहायचं.

थोपटणं म्हणजे इंजिनाचा आवाज. आमची गाडी सुबारू आहे. बहुतेक गाड्यांत पिस्टन उभे, वरखाली नाचतात. हिचे आडवे झोपलेले, समोरासमोर, दोन पैलवानांनी एकमेकांवर ठोसे उगारावेत तसे. याचा धक्का तो पुसतो, त्याचा हा. सगळं वजन खाली, जमिनीलगत. त्यामुळे गाडी वळणावर कलत नाही, आणि आवाजही वेगळा येतो. गुरगुर नाही. थप थप, थप थप. पालथ्या बाळाच्या पाठीवर सवयीचा हात पडावा तसा.

मी मेकॅनिकल इंजिनियर. लग्नाआधी पुण्यात गाड्यांच्या सस्पेन्शनच्या चाचण्या घ्यायचे. मागे किती माणसं बसली आहेत हे आरशात न बघता मला ब्रेकवरच्या पायाला कळतं. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा जयेशने, म्हणजे नवऱ्याने, कपाळावर हात मारला. तो बँकेत आहे, डोंबिवलीचा. "इरा, चारही चाकांना ताकद कशाला हवीय? इथला सगळ्यात उंच डोंगर आमच्या डोंबिवलीच्या टॉवरपुढे बुटका दिसेल. बर्फ तर फ्रीजमध्येच. लोक काय म्हणतील?"

"लोक वाळूत रुतले की आपल्याला फोन करतील."

"टॅगलाइन छान आहे. कंपनीत लाग तू."

त्याला काय सांगणार! विमानं बनवणाऱ्यांची ही कंपनी. युद्ध हरल्यावर तिचे तुकडे झाले. त्यातले पाच पुन्हा एकत्र आले आणि त्यांची मिळून सहावी उभी राहिली. म्हणून बिल्ल्यावर सहा तारे, एक मोठा, पाच लहान. सुबारू म्हणजे जपानीत एकत्र जमणं, आणि त्याच नावाचा आकाशातला तारकांचा झुबका. जपानच्या उत्तरेला बर्फाळ डोंगरांत विजेच्या तारा जोडत फिरणाऱ्या माणसांना साधी, घरची वाटेल अशी, पण कुठेही न अडणारी गाडी हवी होती. त्यांच्यासाठी यांनी डोकं लढवलं, आणि चारी चाकांवर चालणारी साधी गाडी घरोघर पोचली. दिखावा शून्य. मला अशा गोष्टींचं प्रेम आहे, त्याला इलाज नाही.

जुनी पण निगुतीने वापरलेली सुबारू फॉरेस्टर मिळाली मुहर्रकमध्ये, अम्मार नावाच्या गृहस्थाकडे. जुन्या घराच्या सावलीत उभी होती. त्यांनी बिल्ल्यावरून हात फिरवला. "थुरय्या," ते म्हणाले. आपल्याकडचं सुरैया हे नाव तेच. मी म्हटलं, हमारे यहाँ कृत्तिका. त्यांना फार आवडलं. किल्ली देताना चिरागकडे बघून म्हणाले, "बेबी इसमें रोता नहीं, मॅडम. मेरा चारों बच्चा इसमें बड़ा हुआ. कभी नहीं रोया." आणि मग, "खलास. अब आपका बेबी."

तेव्हा मला रडण्याची काळजी नव्हतीच. चिराग दूध पीत नव्हता.

छातीशी घेतला की दोन घोट, मग तोंड फिरवायचा. बाटली जिभेने ढकलून द्यायचा. नाना प्रकार करून झाले. सलमानियाच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, पण तक्त्यावरची त्याच्या वजनाची रेघ खाली वळली होती आणि त्यांचं पेन तिथेच टेकून राहिलं होतं. पुढच्या खेपेला रेघ वर आली नाही तर त्याला ठेवून घ्यावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल, असं त्या म्हणाल्या. घरी येऊन मी त्याचं मनगट माझ्या बोटांत धरून बघायचे. बोटं एकमेकांवर येऊन पुन्हा पुढे सरकायची.

अशात गाडीची पूजा. मनामातून नारळ आणि झेंडू आणले. आई कऱ्हाडहून व्हिडिओ कॉलवर. जयेशने मोबाइल धरला होता. बिल्ला दिसल्यावर तिने विचारलं, ते ठिपके कसले गं? मी सांगितलं.

"कृत्तिका? अगंबाई! सहा जणी त्या. कार्तिकस्वामीला आपलं दूध पाजून वाढवणाऱ्या. आणि तू नुसता नारळ फोडून त्यांना वाटेला लावतेस होय? ओटी भर."

"आई, गाडीची?"

"त्यांची गं! एकेकीला कुंकू लाव."

जयेश हसत होता. पण पोर वाळत चाललेलं असताना माणूस वाद घालत नाही. मी सहाही ताऱ्यांना हळदकुंकू लावलं. बॉनेटच्या कडेला, बिल्ल्याच्या अगदी वर, हिरवा खण पसरला, त्यावर तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ.

"आता बाळाला त्यांच्या ओटीत घाल," आई म्हणाली. "म्हणावं, सांभाळा. आणि मग उचलताना..."

तिचं तोंड उघडं राहिलं तसंच पडद्यावर थिजलं. नेट गेलं होतं.

मी चिरागला खणावर ठेवलं. पत्रा उन्हाने कोमट होता. सकाळपासून किरकिरणारं पोर एकदम गप्प झालं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून हसलं. जयेशने फोटो काढला. ऊन लागेल म्हणून मी त्याला उचलून घरात नेलं. नारळ आणि खण गाडीतल्या समोरच्या कप्प्यात गेले.

त्याच दिवशी पहिली फेरी मारली. बुदैया रस्त्याने जाऊन परत येईपर्यंत चिराग गाढ झोपला होता. घरी येऊन छातीशी घेतलं तर त्याने शांतपणे तोंड फिरवलं. वैतागून नाही. पोट भरलेल्या माणसाने ताटावरून हात हलवावा तसं. खांद्यावर टाकलं तर मोठी ढेकर दिली.

रिकाम्या पोटी ढेकर कशी येईल? हवा गिळली असेल, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता. सकाळचं वर आलं असेल, असं ठरवलं. मग गाडीत वास येऊ लागला. ओवा, शेपा, ऊन दूध आणि ओल्या मऊ सुती कापडाचा. बाळंतिणीच्या खोलीचा. पण माझी धुरीशेगडी तर केव्हाच संपली होती, आणि गाडीत मी काचा पुसायचा स्प्रे मारते.

मग ब्रेक. गाडी थांबायला जरा जास्त अंतर घेऊ लागली. गतिरोधकावरून गेलं की मागचा भाग खोल बसून सावकाश उठायचा. मी चाकांची हवा तपासली, स्प्रिंगा वाकून बघितल्या. सगळं ठणठणीत. आरशात फक्त चिराग. तरीही पायाला कळत होतं, मागे भरलेली गाडी आहे. आणि ही बाई, म्हणजे गाडी, ते ओझं काही कुरकुर न करता वाहत होती. खरं सांगते, भीतीआधी मला तिचं कौतुकच वाटलं.

वजनाची रेघ वर आली. डॉक्टरीणबाईंनी चिरागच्या मांडीला चिमटा काढला आणि म्हणाल्या, जे करताय तेच चालू ठेवा. जयेशने वाटेत केशरी पेढे घेतले. "मदर्स मिल्क, बॉस!" म्हणून मला टाळी दिली. मी टाळी दिली. माझं दूध तोवर आटत आलं होतं.

शेजारची मेहरीन लखनौची, शाळेत शिकवते. तिला बाजारात जायचं होतं. ती हौसेने चिरागशेजारी मागे बसली, गाणी म्हणू लागली. थोड्या वेळाने गाणं थांबलं. आरशात बघितलं तर ती दाराला चिकटून, पदर सावरून, अंग चोरून बसलेली.

"इरा, गाड़ी रोकोगी? मैं आगे आ जाती हूँ."

"क्यों, रो रहा है?"

"नहीं. पीछे जगह नहीं है."

ती पुढे येऊन बसली. उतरताना मागच्या काचेकडे बघून तिने हलकेच सलाम केला, मोठ्या बायकांना करतात तसा. नंतर विचारलं तर म्हणाली, "आदत है, बस."

जानेवारीत सखीरच्या वाळवंटात जयेशच्या बँकेतल्या लोकांचे तंबू लागले होते. पाऊस होऊन गेल्याने वाळू वरून कडक आणि खाली भुसभुशीत झालेली. आमच्या पुढची प्रचंड मोठी गाडी रुतून बसली. सगळे पुरुष खाली उतरून एकमेकांना सल्ले देत होते. जयेशही ढकलायला उतरला. मी बाजूने आमची गाडी काढली. चारही चाकांनी जमीन चाचपली, जिथे पकड होती तिथे ताकद गेली, आणि ती ओढ्यातून म्हैस चालते तशी संथपणे पलीकडे गेली.

"वहिनी, यल्ला, चला! दोरी टाका आता!" कुणीतरी ओरडलं. जयेशने दोन्ही हात वर करून मला नमस्कार केला. मला हसू आलं.

खाली उतरून मी चाकोऱ्या बघितल्या. पुढच्या चाकांची खूण उथळ होती. मागच्यांनी वाळूत हातभर चर पाडला होता.

मगरीबची बांग होऊन अंधार पडला होता. पूर्वेकडे उंचावर कृत्तिका होत्या, लहान, एकमेकींना बिलगलेल्या.

तेवढ्यात आईचा फोन. पूजेचा फोटो तिने आज नीट पाहिला होता. "बाळ हसतंय कुणाकडे गं? बरं, उचलताना काय म्हणालीस?"

"काय म्हणायचं असतं?"

मला वाटलं नेट गेलं.

"ओटीत घातलेलं मूल मागून घ्यायचं असतं," आई म्हणाली. "ओटीतला नारळ हातात घ्यायचा आणि म्हणायचं, आमचं बाळ आम्हाला द्या. तू मागितलं नाहीस?"

"नाही मागितलं तर?"

"काही नाही. खूळ असतं आपलं." मग हळू आवाजात, "आजच माग."

मी मागचं दार उघडलं.

तो वास अंगावर आला. ऊबही.

चिरागचे डोळे मिटलेले होते. मान एका बाजूला वळलेली, रिकाम्या सीटकडे. ओठ कशावर तरी घट्ट लागलेले, आणि तिथे काही नव्हतं. गळा हलत होता. घोट. घोट. घोट. एक मूठ हवेत, कुणाचा तरी पदर धरल्यासारखी आवळलेली.

गाल केवढे भरले होते त्याचे.

मी कप्प्यातून नारळ काढला. पुढे जाऊन बिल्ल्यासमोर उभी राहिले. कुंकू केव्हाचं धुऊन निघालं असायला हवं होतं. ओलं होतं.

आमचं बाळ. एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि मला माझी छाती आठवली, रिकामी, सैल. तक्त्यावर टेकलेलं ते पेन आठवलं. नाकातली नळी.

नारळ घेऊन मी परत ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

नारळ आज, हे लिहितानाही, शेजारच्या सीटवर आहे. बोरीची सावली त्याच्यावर हलते आहे. रोज बरोबर घेते. रोज वाटतं, आज मागावं. मग चिरागच्या मनगटाला आता वळी पडू लागली आहे ती दिसते, आणि म्हणते, उष्टावण होऊ दे. वरणभात खायला लागला की मागेन. तोवर वजन आणखी थोडं भरू दे. सहा जणींचं पोट भरून प्रेम मिळतंय माझ्या लेकराला, मी एकटी काय पुरणार होते? उपकार आहेत त्यांचे. देतील त्या. मागितलं की देतील.

कालपासून वाटेत पेट्रोलचा दिवा लागतोय, म्हणून आज प्रथमच, चिराग झोपलेला असताना, मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. तो उठला नाही.

मागे थोपटणं चालूच आहे.