भुकेची नस

मिरजेच्या एका रुग्णालयातल्या लालाचित्रण कक्षात, म्हणजे लाळग्रंथींचं चित्र घेतात त्या खोलीत, पडदा अजून काळाच होता. वसंत कोष्टींच्या उजव्या कानाखालच्या लाळग्रंथीत गाठ आहे, एवढं साध्या स्कॅनवर कळलं होतं. तिची कड दिसत नव्हती. कड न सापडता कापायचं, तर ग्रंथीतून जाणारी चेहऱ्याची नसही जाणार आणि कोष्टींचं तोंड कायमचं वाकडं होणार.

"सरळ लिंबू द्या की," शल्यविशारद डॉ. मुजावर वैतागले.

"लिंबानं सगळी ग्रंथी एकदम भरते, कड पुसली जाते," डॉ. इरावती शिंत्रे म्हणाल्या. लाळ सुटताना ग्रंथी पडद्यावर दाखवणारा हा लालादर्शक त्यांनीच बनवला होता. "मला नुसत्या आठवणीनं सुटणारं पाणी हवंय. इच्छा मेंदूतून नसांवाटे ग्रंथीत पोचते आणि ग्रंथी पडद्यावर उजळते. गाठीत त्या नसा नसतात. ती काळीच राहते."

"मग यांना इच्छाच नाही म्हणायची!"

बासुंदी, तांबडा रस्सा, पुरणपोळी, सगळ्यांची नावं घेऊन झाली होती. बायको गेल्यापासून कोष्टी डब्यावर जगत होते, आणि त्या डब्यातली आमटी खाऊन कुणाचीही भूक मेली असती.

"काका, काकू काय करायच्या हो?" शिंत्रेंनी विचारलं.

"शालन? खरडा. मिरच्या तव्यावर टाकायची, मला ठसका लागायचा. मी वरडायचो, 'मारतीस का काय!' ती आतनं म्हणायची, 'आधी जेवा, मग मरा.'"

पडदा उजळला. उजेडात हरभऱ्याएवढी गाठ काळीभोर उठून दिसली.

ग्रंथी उजळती राहावी म्हणून शस्त्रक्रिया नुसती जागा बधिर करून, जागेपणीच झाली. कोष्टींना बोलायची मनाई होती, आठवायची नव्हती. शालन गेली तेव्हाही तिची इतकी ओढ त्यांना लागली नव्हती. मुजावर पडद्याकडे बघत कापत राहिले. गाठ निघाली, चेहऱ्याची नस वाचली.

काही महिन्यांनी कोष्टी परत आले.

"मॅडम, उजवा गाल भिजतोय बघा. डबा खाताना न्हाई. खरडा आठवला की."

शिंत्रेंनी गाल तपासला. "ग्रंथीतल्या बारीक नसा कापाव्या लागल्या होत्या, काका. त्या पुन्हा वाढतात. वाढताना वाट चुकून कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळाल्यात. पूर्वी तोंडात पाणी सुटायचं, ते आता घाम होऊन गालावर येतंय. एक इंजेक्शन दिलं की थांबेल."

"म्हंजे, शालनची याद आली की हे येणार?"

"हो."

कोष्टींनी गालावरून बोटं फिरवली.

"मग इंजेक्शन नको. तिचं एवढंच हाताला लागतंय आता."