अर्ध्या पाण्यात

ही गोष्ट मला धरून तिघांनाच ठाऊक आहे. कोणी विश्वास ठेवावा म्हणून लिहीत नाही. जे घडलं, ते घडलं तसं लिहिते आहे.

२००६ चा ऑक्टोबर. रमजान चालू होता. जागा, पुसदच्या पलीकडे, पैनगंगेवरच्या धरणाचा फुगवटा.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. म्हणूनच ‘भास झाला असेल’ असं मला स्वतःला सांगता येत नाही.

माझे वडील रहेमान मिस्त्री. शेतातले पंप दुरुस्त करायचे. त्या वर्षांत कापसानं साऱ्या मुलखाला खाली बसवलं होतं. दुरुस्त झालेले पंप दुकानातच पडून राहायचे. काहींचे मालक न्यायला येत नव्हते.

काहींचे मालकच उरले नव्हते.

अब्बा त्या पंपांवरची धूळ मात्र रोज पुसायचे.

त्याच उन्हाळ्यात गावच्या मच्छीमार संस्थेनं नावेसाठी नवंकोरं इंजिन आणलं. नाव चालवायचे देवीलालकाका. पावसाळ्यानंतर आमच्या गावचा रस्ता फुगवट्याखाली जायचा, मग येणंजाणं त्याच नावेनं. इंजिन काठावर एका झटक्यात सुरू व्हायचं. अर्ध्या पाण्यात गेलं की धापा टाकायचं, आणि बंद पडायचं.

अब्बांनी काय नाही केलं? पेट्रोलमध्ये पाणी मिसळलंय का पाहिलं. फिल्टर साफ केला. कार्बोरेटर खोलला. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी नळी बदलली. त्या नळीच्या मध्ये एक रबरी फुगा असतो, तो हातानं दाबला की पेट्रोल इंजिनाकडे चढतं. तोही नवा घातला. काठावर सगळं ठीक. पाण्यात पुन्हा तेच.

“मिस्त्री, तुमच्या इंजिनानं रोजा धरला वाटते,” देवीलालकाका चिडवायचे. “अर्ध्या पान्यात गेलं का पेट्रोलले तोंडच लावत नाही.”

“तुया हातचं खाऊन अजीर्ण झालं त्याले.”

“मंग या ना नावेत. बसा अन् सोताच पाहा.”

यावर अब्बा पाना उचलून पुन्हा इंजिनाशी वाकायचे. त्यांना पाण्याची फार भीती होती. उभ्या आयुष्यात ते नावेत बसले नाहीत. इंजिन काठाला बांधूनच तपासायचे. झाकण उघडण्याआधी टाकीवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचे, आत किती आहे ते कळायला.

टक्. टक्.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक टाकीवर. तो आवाज ऐकत मी मोठी झाले.

मी तेव्हा नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. शेवटचा फोन झाला तेव्हा ते खुशीत होते.

“बेटा, इंजिन का मर्ज मिल गया शायद. कल पानी पे जाके देखता.”

“आप? नाव में?”

ते हसले. “बैठना पडेगा. मरीज का दम वहींच टूटता ना.”

दुसऱ्या दिवशी पहाटेची सहेरी करून ते जरा आडवे झाले. ते उठलेच नाहीत.

इफ्तारच्या आधी दफन करायचं ठरलं. मला तेवढ्यात पोहोचायचं होतं. आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. घरातून जनाजा उठला की अब्बांचा चेहरा मला पुन्हा कधीच दिसणार नव्हता.

एसटी, मग काळी-पिवळी जीप. काठावर उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. देवीलालकाका वाट बघत उभे होते. डोळे सुजलेले.

“बस माय,” एवढंच म्हणाले.

नावेत आम्ही दोघंच. पेट्रोलची लाल टाकी मध्ये.

अर्धं पाणी झालं…

इंजिन धापा टाकू लागलं. आणि बंद पडलं.

काकांनी इंजिनाची दोरी ओढली. पुन्हा ओढली. रबरी फुगा दाबायला गेले तर तो पार चपटा झालेला. आतून कोणी शोषून घेतल्यासारखा. वल्हं मारून पाहिलं, पण वारा गावाकडून येत होता. नाव उलट मागे सरत होती. पलीकडच्या काठावर पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं दिसत होती. माझ्यासाठी थांबलेली.

ती किती वेळ थांबणार?

“काहून असं करून राह्यला बाबा,” काका इंजिनाशी बोलत होते. त्यांचा आवाज रडका झाला होता. “आजच्या दिवस नको ना रे.”

मी त्या पांढऱ्या टोप्यांवरून नजर हलवली नाही.

मग वारा पडला. नावेला लागणाऱ्या लाटांचा आवाजही थांबला.

आणि…

टक्. टक्.

काकांचे दोन्ही हात दोरीवर होते. माझे मांडीवर.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे.

टाकीच्या झाकणातून एक आवाज आला… लांब, आत ओढलेला. बराच वेळ पाण्याखाली राहिलेलं माणूस वर येऊन पहिला श्वास घेतं, तसा.

चपटा झालेला फुगा आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू भरत गेला.

त्या झाकणावर एक लहान स्क्रू असतो. पेट्रोल कमी होत जातं तशी तिथून टाकीत हवा जावी लागते. तो स्क्रू सैल झाला होता.

“हा म्या आवळला होता,” काका पुटपुटले. “काठ सोडला का रोजच आवळतो. वासानं बायकायले मळमळते. अन् उन्हात पेट्रोल उडून जाते.”

तेव्हा मला कळलं. काठावर अब्बा दर वेळी झाकण उघडायचे, टाकीला हवा मिळायची, इंजिन चालायचं. पाण्यात काका स्क्रू आवळायचे, आणि टाकीचा दम कोंडायचा. नावेत बसल्याशिवाय हे कोणालाच दिसलं नसतं.

“तू खोलला का, माय?”

“नाही, काका.”

त्यांनी दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं.

मला चेहरा दिसला. झोपेतला वाटावा असा. अम्मी उशाशी बसली होती. माझा भाऊ जीशान हळूच कानाशी येऊन म्हणाला, “आपा, गुस्ल मैंनेच दिया, अब्बा को मैंनेच नहलाया. सीधा हाथ बार बार धोया. पेट्रोल की बू जातीच नहीं.”

मी वाकले. कापराच्या वासाखाली तो वास होता.

मिस्त्रीच्या हाताला तो असायचाच, असं मी स्वतःला सांगितलं.

गोष्ट इथंच संपली असती, तर मी ती लिहिलीही नसती.

चाळिसावा झाला आणि मी नागपूरला परत निघाले. तीच नाव. इंजिन आता बंद पडत नव्हतं. काका स्क्रूला हातही लावत नव्हते. अर्ध्या पाण्यात आलो तेव्हा मला काय वाटलं, कोण जाणे. मी वाकले आणि तो स्क्रू घट्ट आवळला.

काकांनी पाहिलं.

थोड्या वेळानं इंजिन धापा टाकू लागलं. बंद पडलं.

आम्ही थांबलो.

दूर कुठंतरी कापूस वेचणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारत होत्या. बाकी नुसतं पाणी. मी कान देऊन बसले. शाळेतून आल्यावर दुकानाच्या पायरीवर बसायचे, तशी.

टक् टक् झाली नाही.

तो श्वासही आला नाही.

“जाऊ दे त्यायले, माय,” शेवटी काका म्हणाले. “कायले बलावून राह्यली?”

त्यांनी स्क्रू सोडायला हात पुढे केला…

आणि तसाच मागे घेतला.

स्क्रू सैल होता.

अम्मीला मी हे फार पुढे सांगितलं. ती म्हणाली, बेटीसाठी बाप आला, त्यात भ्यायचं काय?

आता तिथं पूल झाला आहे. एसटी पुलावरून जाते तेव्हा मी खिडकीतून खाली बघत नाही. त्या दिवशी ते मला घरी न्यायला आले होते, हे मी मानते. पण दुसऱ्या वेळी ते आले कुठून?

की ते तिथंच होते? अर्ध्या पाण्यात, एकटे, तेव्हापासून?

अब्बांना पोहता येत नव्हतं.