नाडीवर चालणारी वॅगन

मयूरी इंगवले शोरूममधल्या स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात गुडघे टेकून बसली होती आणि टेपने जागा मोजत होती. तिच्या नवऱ्याची, रणधीरची, मोटारवर चालणारी व्हीलचेअर घडी न घालता आत जाणार होती. शिवाय नर्सरीतल्या रोपांचे आठ ट्रे. तिच्या दृष्टीने गाडीची निवड झाली होती.

"जागा पुरतेय ना? मग आता चालवून बघ," दाराशी व्हीलचेअरवर बसलेला रणधीर म्हणाला.

"चालवून काय बघायचंय? चार चाकं आहेत, ब्रेक आहे."

"टेम्पो नाही घ्यायचा आपल्याला, मयू. चालवताना तुला मजा आली पाहिजे. मला नाही, निदान तुला तरी."

तीन वर्षांपूर्वीपर्यंत रणधीर डोंगररस्त्यांवरच्या शर्यतींत उतरायचा. एका वळणावर त्याची गाडी दरीत गेली आणि कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. तेव्हापासून गाडी मयूरी चालवायची, ती जबडा आवळून. तो शेजारी बसून एक शब्द बोलायचा नाही, आणि तिला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

शोरूममधले नदाफ उत्साहाने पुढे आले. "ताई, जुन्या वॅगनचं दुखणंच हे होतं. सामान भरलं की जड, रिकामी असली की मागून उडणार. हिच्यात आम्ही रसमापी आसन दिलंय. पाठीतून तुमची नाडी आणि श्वास कळतो, स्टिअरिंगवरून तळहाताचा घाम. तुम्हाला मजा वाटायला लागली की गाडी मोकळी होते. कंटाळलात की सांभाळून चालते."

"आणि माझं आसन?" रणधीरने विचारलं.

"तेही वाचतं, पण फक्त नोंद ठेवतं. गाडी ऐकते चालवणाऱ्याचंच."

गाडी दिवसभरासाठी मिळाली. व्हीलचेअर मागे चढवून दोघं कोल्हापुरातून गगनबावड्याच्या दिशेने निघाली. उसाच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर मयूरीचे खांदे हळूहळू सैल पडले. समोर डॅशबोर्डवर तिची मजा दाखवणारी नारंगी प्रकाशाची एक बारीक पट्टी उजळली. स्टिअरिंग हलकं झालं, गाडी जणू तिच्या मनातलं ओळखून वळत होती. ती चक्क हसली. रणधीरने तिच्याकडे पाहिलं आणि तोही हसला.

दुपारी बाराच्या सुमारास करूळ घाटाचा उतार सुरू झाला. दुसऱ्याच वळणावर समोरून एक एसटी मधल्या रेषेच्या अलीकडे आली. मयूरीने गाडी कशीबशी कडेला घेतली. छाती धडधडायला लागली, तळहात ओले झाले.

नारंगी पट्टी एकदम रुंद झाली.

उतारावर विजेची मोटार गाडीला आपोआप धरून ठेवत होती, ती पकड सुटली. वेगाचा काटा बेचाळीसवरून पंचावन्नवर गेला. मयूरीने ब्रेक दाबला, पण वळणात जोराचा ब्रेक लागला तर गाडी घसरते, म्हणून गाडीच्या यंत्रणेने तो अर्धाच मानला. पाय जरा सैल पडला की गाडी पुन्हा उसळी घ्यायची. त्रेसष्ट. डाव्या बाजूला कठडा, त्यापलीकडे नुसती धुकट, हिरवी, खोल दरी.

"रणधीर, ही माझं ऐकत नाहीये!"

"ऐकतेय," पट्टीकडे पाहत तो म्हणाला. "जरा जास्तच ऐकतेय. घाबरलं की छाती धडधडते, मजा आली तरी धडधडते. हिला दोन्ही सारखंच. तिला वाटतंय, तू खूश आहेस."

"मग बंद कर ते!"

"गाडी उभी राहिल्याशिवाय ते बंद होत नाही, इथे लिहिलंय. तू शांत हो."

"कशी होऊ?" ती किंचाळली. पट्टी आणखी रुंद झाली. सत्तर.

"श्वास सोड. लांब. आता नर्सरीतल्या पहिल्या रांगेतली रोपं सांग."

"काय?"

"सांग, मयू."

"जास्वंद," ती म्हणाली. "कुंद. अनंत. तगर..."

पुढच्या वळणावर कठडा तुटलेला होता. डावं चाक खडीवर गेलं, गाडी बाहेरच्या बाजूला सरकली. क्षणभर काचेत रस्ता नव्हताच, नुसती दरी होती.

"तगरीनंतर?" रणधीरचा आवाज आला, चहा मागावा तितका सहज.

"सोनचाफा. कण्हेर. पारिजातक." श्वास लांबत गेला. पट्टी आकसू लागली. मोटारने पुन्हा पकड घेतली, साठ, अठ्ठेचाळीस, तीस. रस्ता जरा रुंद झाला तिथे तिने गाडी कडेला लावून बंद केली. दार उघडून ती खाली उतरली आणि कठड्याशी ओकली.

ती परत येऊन बसली. नदाफांना पुरावा पाठवायचा म्हणून तिने पडद्यावर प्रवासाची नोंद उघडली. वर तिची रेषा होती, सुळक्यांसारखी चढलेली. खाली रणधीरची.

शोरूममध्ये त्याची नाडी अठ्ठ्याऐंशी होती. उसाच्या रस्त्यावर ब्याऐंशी. घाटात ती हळूहळू उतरत गेली होती, आणि चाक खडीवर गेलं त्या क्षणी अठ्ठावन्न. ती रोज त्याची नाडी मोजायची; एवढी कमी तिने अपघातानंतर एकदाही पाहिली नव्हती, त्याच्या झोपेतसुद्धा नाही. दरी समोर आली तेव्हा तो सगळ्यात निवांत होता.

"गाडी वाईट नाही गं," खिडकीबाहेर पाहत रणधीर म्हणाला. "ते आसन काढून द्यायला सांगू. जागाही आहे, चालतेही छान. घेऊ या."

मयूरीने त्या उतरत्या रेषेवर बोट ठेवलं. बायकोवर एवढा भरवसा असला की माणूस असा शांत होत असेल. आणि दुसऱ्याही एका कारणाने होत असेल. दरीत जायला त्याची हरकतच नसेल, तर. यंत्राने आकडा बिनचूक टिपला होता, पण आकड्याचा अर्थ यंत्राला विचारून उपयोग नव्हता.

"रणधीर," ती म्हणाली. तो वळेपर्यंत ती थांबली. "त्या वळणावर तुला नक्की काय वाटत होतं?"