कान तुटलेले कप

मी पाठवलेला कप परत आला, म्हणून मी त्या टीव्ही वाहिनीच्या ऑफिसात गेले. खोक्यावर चिठ्ठी होती— 'माल मोडलेल्या अवस्थेत आला. स्वीकारलेला नाही.' चष्म्याच्या दुकानातून अर्धी सुट्टी काढली आणि तळघरातल्या आवक-जावक विभागात जाऊन उभी राहिले.

टेबलामागे एक उंच तरुण पार्सलांवर शिक्के मारत होता. चष्मा एका बाजूला कललेला. माझं पहिलं लक्ष तिथेच गेलं, धंद्याची सवय.

"काळजी करू नका मॅडम," खोकं बघून तो म्हणाला, "कुरिअरवाल्यांना मी चांगलं फैलावर घेतलंय. एक कप धड पोचवत नाहीत. सगळ्यांचे कान तुटलेले!"

"अहो, कान मीच तोडलाय."

"तुम्ही?"

"पकडीने. आधीचे दोन कप वाया गेले, तेव्हा कुठे हा नीट तुटला."

तो बघतच राहिला... एका डोळ्याने काचेतून आणि दुसऱ्याने काचेवरून.

मग मला सगळं सांगावं लागलं. त्याच्याच वाहिनीवर रोज संध्याकाळी एक मालिका लागायची. डोंगरातलं एक टपाल कार्यालय आणि तिथली टपालवाली. घर सोडून गेलेल्या नवऱ्यासाठी ती रोज एका कान तुटलेल्या कपात चहा ओतून ठेवायची. प्रेक्षक कमी झाले म्हणून वाहिनी मालिका बंद करणार होती. तिच्या जागी दोन सुना आणि एक तिजोरी येणार होती. आम्ही चाहत्यांनी ठरवलं, प्रत्येकाने कान तोडून एक कप वाहिनीला पाठवायचा. कप ढिगाने आले, आणि या गृहस्थांनी ते इमानेइतबारे परत धाडले.

"म्हणजे तुमची अख्खी मोहीमच मी..." त्याने कपाळाला हात लावला.

"हो. शिक्क्यासकट."

"तो नवरा येतो का हो परत?"

"सांगू?"

"नको! बघतो मी. पहिल्या भागापासून."

आता एका मालिकेसाठी एवढा आटापिटा का, हे सांगायला हवं. आमच्या घरी मी आणि बाबा, दोघंच. आई वहिनीच्या बाळंतपणाला दादाकडे गेली ती तिकडेच रमली. बाबांच्या जिवलग मित्राच्या मुलाशी माझं लग्न ठरलं होतं. मी ऐन वेळी नाही म्हटलं. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मालिका लागली की मात्र टीव्हीकडे बघत म्हणायचे, "टपालवालीने निदान कारण तरी सांगायला हवं होतं." मीही टीव्हीकडे बघत म्हणायचे, "तिला विचारलं कुणी?" एवढंच आमचं संभाषण. मालिका गेली असती तर तेही गेलं असतं, आणि मला त्याची भीती वाटायची.

त्या शिक्केवाल्या पठ्ठ्याने कुरिअरवाल्यांची माफी मागितली आणि परत गेलेले कप पुन्हा मागवले. आमच्या भागातल्या चाहत्यांचे कप गोळा करून मी दर शनिवारी स्वतः नेऊन द्यायला लागले. फोनमध्ये त्याचं नाव 'आवक-जावक' असं घातलं. थोड्याच दिवसांत 'अहो'चं 'अरे' झालं. कसं झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर कुणी बोललं नाही.

"कुठपर्यंत आलास?"

"ती त्या मागणी घालणाऱ्या शिक्षकाला नाही म्हणते, तिथे. बरोबर केलं का तिने?"

"बरोबर केलं."

"इतकं ठासून?"

"मनात नसताना हो म्हणू नये."

"आणि मनात असताना—?"

"मान सरळ ठेव," मी म्हटलं. मी तेव्हा त्याच्या चष्म्याचा स्क्रू आवळून चष्मा त्याच्या नाकावर चढवत होते. "कानामागे टोचतंय?"

"नाही... पण अजून एकदा बघ."

चष्मा अगदी व्यवस्थित बसला होता. तरी मी अजून एकदा बघितलं.

कपांनी तळघर भरलं. मग एक दिवस वाहिनीचे मोठे साहेब खाली आले, कपांच्या राशीपुढे हसत फोटो काढून घेतला, वर गेले आणि मालिका बंद करायच्या कागदावर सही केली. हे सांगायला आवक-जावक स्वतः आमच्या दुकानात आला. अक्षरांच्या तक्त्यासमोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसला.

"शुक्रवारी शेवटचा भाग," तो म्हणाला.

मी रडले नाही. काचा पुसत पुसत त्याला बाबांचं सगळं सांगितलं. प्रथमच कुणाला तरी.

"शुक्रवारी मी येऊ तुमच्याकडे?"

"तू अजून निम्म्यातही नाहीस. शेवट कळेल तुला."

"स्वयंपाकघरात बसेन. कानात बोटं घालून. पण तू तिथे एकटी... नको."

"एकटी कुठे? बाबा असतील की."

"म्हणून तर म्हणतोय."

शुक्रवारी मालिका सुरू होता होता तो आला. मी त्याला थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. बाबांची नजर टीव्हीवरून हलली नाही. काही ऐकू येऊ नये म्हणून तो आत गुणगुणायला लागला. सूर कशाशी खातात ते त्याच्या गावीही नव्हतं.

जाहिराती लागल्या.

"आत कोण आहे?" बाबांनी टीव्हीला विचारलं.

मग ते वळले, माझ्याकडे वळले. "तुला विचारतोय."

किती दिवसांनी ते माझ्याकडे बघत होते! केसांना कलप लावणं त्यांनी सोडलं होतं, आणि ते मला आत्ता दिसत होतं.

"वाहिनीत आवक-जावक बघतो," मी म्हटलं. "मला तो आवडतो, बाबा. फार आवडतो."

"आणि आपला तो मुलगा? त्याच्यात काय वाईट होतं?"

"काहीच नाही. चांगला होता. माझ्या मनात नव्हता, एवढंच. तुम्ही तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

जाहिराती संपल्या. टपालवालीच्या दारावर थाप पडली. ती उठली, दाराकडे निघाली... आणि बाबांनी टीव्ही बंद केला.

"नाही विचारलं मी," ते म्हणाले. "चुकलंच." मग स्वयंपाकघराकडे कान देऊन, "गळा अगदीच भिकार आहे गं याचा."

"आहे खरा."

"बोलव त्याला बाहेर."

आत तो डोळे मिटून, कानात बोटं घालून गात बसला होता. मी त्याचे दोन्ही हात धरून खाली घेतले.

"संपली?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. बाबा बोलतायत. मी आत्ता बाहेर काय म्हटलं, ते ऐकलंस का?"

"शपथ, एक अक्षर नाही."

"मग तुला वेगळं सांगायला हवं. मला तू आवडतोस."

त्याने हात सोडवून घेतले नाहीत. "अजून एकदा सांग," तो म्हणाला. मी सांगणार, तेवढ्यात बाहेरून बाबांनी हाक मारली. माझं नाव घेऊन, पूर्वी मारायचे तशी.

मी ओ दिली.